ट्रॅक्टरची बॅटरी, तारा व इंधनमार्ग : निगा आणि दोषशोधन

बैल आजारी पडला तर तो वैरण सोडतो, कान पाडतो, आणि जाणत्या धन्यास त्याचें दुखणें पहिल्याच दिवशीं समजतें. यंत्रहि आपलें दुखणें सांगत असतें. परंतु तें ऐकण्याची संवय आम्हां शेतकऱ्यांस अद्याप पुरती लागलेली नाहीं. ट्रॅक्टर एकाएकीं बंद पडला असें आपण म्हणतों; पण शोध केल्यास बहुधा असें आढळतें कीं, महिना-पंधरा दिवस तो कांहींना कांहीं सुचवीत होता व आपण तिकडे लक्ष दिलें नव्हतें.

आमच्याच शेतावरील गोष्ट सांगतों. एका वर्षीं मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, आणि पेरणीच्या ऐन सकाळीं ट्रॅक्टरनें नुसतें ‘टक्’ केलें व तो गप्प बसला. बॅटरी गेली असें समजून आम्हीं नवी आणविली. तिनेंहि तोच आवाज दिला. मग कारागीर आला व स्टार्टर उतरवून तालुक्याला घेऊन गेला. यांत दोन दिवस मोडले. तिसऱ्या दिवशीं पुन्हा पाऊस लागला आणि पेरणी आठवडाभर लांबली. अखेर दोष सांपडला तो बॅटरीकडून ट्रॅक्टरच्या सांगाड्याकडे जाणाऱ्या अर्थच्या तारेच्या टोकाखालीं. रंग आणि गंज यांचा कागदाएवढा पातळ थर तेथें बसला होता. तो कानशीनें घांसून काढतांच इंजिन चालू झालें. नव्या बॅटरीच्या पैशांचें आम्हांस फारसें वाटलें नाहीं. पण गेलेला वाफसा कांहीं परत आला नाहीं.

तसा प्रसंग वाचकांवर येऊं नये म्हणून ट्रॅक्टर बंद पडल्यास काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें, आणि तो बंद पडूंच नये म्हणून काय करावें, याचा विचार या लेखांत केला आहे.

१. दोष शोधण्याचा क्रम

प्रथम स्वतःस तीन प्रश्न विचारावे. किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरतें काय? फिरत असल्यास तें पेट घेतें काय? आणि पेट घेतल्यावर नीट चालतें काय? इंजिन फिरतच नसेल तर दोष बहुधा विजेच्या बाजूस असतो. जोमानें फिरून पेट घेत नसेल तर तो इंधनाच्या किंवा हवेच्या मार्गांत शोधावा. चालू होऊन तापत असेल किंवा धूर ओकत असेल, तर पाणी, पट्टा व हवागाळणी यांकडे वळावें.

दुसरा नियम असा कीं, जें फुकट व सोपें तें आधीं पाहावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर ट्रॅक्टर चालू झाला तरी दोष कशांत होता हें कळत नाहीं, आणि तो पुन्हा उद्भवल्यास आपण पहिल्याइतकेच अज्ञानी राहतों.

२. बॅटरीची परीक्षा

शिसें व गंधकाम्ल यांची ही बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1859 सालीं प्रथम बनविली. तिचें मूळ तत्त्व आजहि तेंच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा कप्पे असून प्रत्येक कप्पा सुमारें दोन व्होल्टचा असतो. इंजिन बंद करून बॅटरीस कांहीं तास विसांवा दिल्यावर मल्टिमीटर लावून पाहावें. 12.6 व्होल्ट किंवा किंचित् अधिक आल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी, 12.2 च्या सुमारास ती निम्मी, आणि 12 च्या खालीं गेल्यास जवळजवळ रिकामी समजावी. नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर मापक थोडा वेळ फुगलेला आंकडा दाखवितो, म्हणून विसांवा आवश्यक आहे.

झांकणें उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर अधिक खरें सांगतो. आपल्या उष्ण प्रदेशांत भरलेल्या कप्प्यांतील पाण्याचें विशिष्ट गुरुत्व सुमारें 1.240 ते 1.260 असतें व बॅटरी रिकामी झाली म्हणजे तें 1.120 च्या आसपास उतरतें. पांच कप्पे सारखे व एकच 0.050 हून अधिक उतरलेला आढळला, आणि भरणा करूनहि तो उठला नाहीं, तर तो कप्पा गेला असें समजावें.

पाणी कमी झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावें. विहिरीच्या पाण्यांत क्षार असतात हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरीं पिण्याकरितां गाळलेलें आर. ओ. पाणीहि पूर्णपणें क्षारमुक्त नसतें, म्हणून तेंहि वर्ज्य करावें. कप्प्यांतून पाण्याची वाफ होते, आम्लाची होत नाहीं. यास्तव पातळी खालावली म्हणून आम्ल कधींहि घालूं नये.

बॅटरी रिकाम्या अवस्थेंत पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर जमतो व मग ती पुन्हा पूर्ण भरत नाहीं. सुगीनंतर ट्रॅक्टर महिनोगणती उभा राहतो, तेव्हांच पुष्कळ बॅटऱ्या मरतात. उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीची अर्थची तार सोडून ठेवावी व महिन्यांतून एकदां भरणा करावा.

येथें सावधगिरीचे दोन शब्द. भरणा होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें स्फोट पावतो. म्हणून जवळ विडी-काडी पेटवूं नये. तारा काढतांना अर्थची आधीं काढावी व बसवितांना शेवटीं बसवावी. म्हणजे पाना चुकून लोखंडास टेकला तरी ठिणगी पडत नाहीं.

३. किल्ली फिरवूनहि इंजिन फिरेना

हा भाग वाचकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण सर्वांत अधिक पैसा येथेंच वायां जातो. पुढील दिवे लावून ठेवावे व मग किल्ली फिरवावी. दिवे पूर्ण विझले तर बॅटरीच्या टोकांवरील जोड सैल किंवा गंजलेला असण्याचा संभव फार. दिवे मंद होऊन स्टार्टर कण्हूं लागला तर बॅटरी अशक्त आहे, किंवा क्वचित् इंजिनच जड झालें आहे. दिवे तसेच तेजस्वी राहून कांहींच घडलें नाहीं, तर किल्लीचा स्विच, सुरक्षा-स्विच किंवा स्टार्टरचा सोलेनॉइड यांकडे पाहावें. क्लच न दाबल्यामुळें किंवा गियर अडकलेला राहिल्यामुळें सुरक्षा-स्विच वीज अडवून धरतो व धनी मात्र बॅटरीस दोष देतो, असेंहि पुष्कळदां होतें.

सैल जोडाचा परिणाम एवढा मोठा कां होतो, हें एका साध्या हिशेबानें कळेल. दिव्यास थोडे अँपिअर लागतात. स्टार्टरला दोनशें अँपिअर किंवा त्याहूनहि अधिक लागतात. जोडांत ओहमच्या शंभराव्या भागाएवढाच अडथळा असला तरी दोनशें अँपिअरला तेथें दोन व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून ज्या जोडांतून दिवा लख्ख पेटतो त्यांतूनच स्टार्टर फिरत नाहीं. आमची चूक हीच झाली कीं, दिवे लागतात त्या अर्थीं तारा ठीक आहेत असें आम्हीं गृहीत धरलें.

याची परीक्षा अशी. मापकाचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें इंजिनाच्या स्वच्छ उघड्या लोखंडावर धरावें आणि दुसऱ्या मनुष्यानें किल्ली फिरवावी. आंकडा अर्ध्या व्होल्टाहून अधिक आल्यास अर्थचा मार्ग दूषित आहे. धन खुंटीपासून स्टार्टरच्या जाड खुंटीपर्यंतहि असेंच मापावें. त्याच वेळीं बॅटरीच्या दोन खुंट्यांमधील दाब साडेनऊच्या बराच खालीं गेल्यास मात्र बॅटरीच अशक्त होय. जोड दूषित निघाल्यास टोकें सोडून गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं, कानशीनें किंवा पॉलिश कागदानें उजळावीं, घट्ट आवळावीं व वरून व्हॅसलीन लावावें. सोड्याचें पाणी कप्प्यांत मात्र जाऊं देऊं नये.

एका प्रघाताचा आम्ही येथें स्पष्ट निषेध करितों. स्टार्टर फिरत नसल्यास खालीं उभें राहून त्याच्या दोन खुंट्या पेचकसानें जोडावयाच्या, ही युक्ति गांवोगांवीं चालते. असें केल्यानें सुरक्षा-स्विच निरुपयोगी होतो. ट्रॅक्टर गियरमध्यें असेल तर तो तत्क्षणीं पुढें जातो, आणि युक्ति करणारा चाकासमोरच उभा असतो. अशा रीतीनें माणसें दगावलीं आहेत. पेरणी एक दिवस उशिरां झालेली चालेल. घरचा कर्ता मनुष्य गेलेला चालणार नाहीं.

४. भरणा होतो कीं नाहीं

इंजिन चालू असतां बॅटरीच्या खुंट्यांवर सुमारें 13.8 ते 14.5 व्होल्ट आले पाहिजेत. साडेबारावरच राहिल्यास अल्टरनेटर काम करीत नाहीं, किंवा त्याचा पट्टा सैल आहे. पंधराच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचें पाणी आटत आहे असें जाणावें. पट्टा मध्यावर अंगठ्यानें दाबला असतां सुमारें एक ते दीड सेंटिमीटर लवावा. बहुतेक ट्रॅक्टरांत हाच पट्टा पंखाहि फिरवितो. म्हणून भरण्याचा तांबडा दिवा लागला आणि त्याच वेळीं इंजिनहि तापूं लागलें, तर दोन रोग न शोधतां आधीं पट्टा पाहावा.

५. इंजिन फिरतें, पण पेट घेत नाहीं

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा पडून तें पेट घेतें. प्रथम टाकींत डिझेल आहे काय व इंजिन थांबविण्याची दांडी पूर्ण आंत आहे काय हें पाहावें. टाकी एकदां कोरडी पडली कीं नळ्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, पण ती फवारा उडूं देत नाहीं.

जुन्या धर्तीच्या पंपाच्या ट्रॅक्टरांत हवा काढण्याची रीत अशी. टाकी भरून तोटी उघडावी. डिझेल-गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून अखंड धार आली कीं तो आवळावा. मग पंपावरील स्क्रूपाशीं तेंच करावें. तरीहि इंजिन न धरल्यास नोझलच्या नळ्यांचे नट किंचित् सैल करून स्टार्टर मारावा व डिझेल येतांच ते आवळावे. स्टार्टर एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये व मध्यें मिनिटभर थांबावें. हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर टाकीपासून पंपापर्यंत एखादी नळी किंवा वॉशर गळत आहे.

नोझलचा फवारा इतक्या जोराचा असतो कीं तो कातडींतून आंत शिरतो. जखम टांचणीएवढी दिसली तरी विलंब न करितां रुग्णालय गांठावें. अलीकडील कांहीं मोठ्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल व्यवस्था आहे. तिच्यांतील दाब हजार बारच्याहि वर जातो. तेथें उच्च दाबाच्या नळ्यांस हात लावूं नये. तें काम शिकलेल्या कारागिराचेंच आहे.

अर्धवट टाकींत रात्रीं गारव्यानें पाणी धरतें. म्हणून काम संपल्यावर सायंकाळीं टाकी भरून ठेवावी व सकाळीं गाळणीखालील पेल्यांतील पाणी सोडावें.

६. उष्णता आणि धूर

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानें हवा अपुरी. हवागाळणी पाहावी व ओझें कमी करावें. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. पांढरा धूर थंड सकाळीं क्षणभर आल्यास चिंता नाहीं. परंतु इंजिन तापल्यावरहि टिकला व रेडिएटरचें पाणी घटूं लागलें तर कारागीर बोलवावा. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळींत भुसा बसतो, तो रोज झाडावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये व तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये.

७. तारा, फ्यूज व ट्रॉलीचे दिवे

फ्यूज जळाला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तोहि जळाल्यास कोठें तरी तार उघडी पडून लोखंडास लागत आहे. पुष्कळदां हा उंदरांचा प्रताप असतो. तेथें तांब्याची तार गुंडाळणें म्हणजे ट्रॅक्टरला आग लावण्याची तयारी करणें होय.

उसाच्या हंगामांत रात्रीं रस्त्यावर उभी असलेली, मागें दिवा नसलेली ट्रॉली किती घरें उजाड करिते हें सांगणें नलगे. हे दिवे वारंवार बंद पडतात, कारण त्यांच्या विजेची परतीची वाट जोडखिळीवर सोंपविलेली असते, आणि तेथें माती व ग्रीस असतें. ट्रॉलीस अर्थची स्वतंत्र तार द्यावी. एका बाजूचा इशारा दिला असतां मागील दिवाहि मिचकूं लागला, तर अर्थच दूषित आहे असें समजावें. दिवे चांगले असले तरी मागें परावर्तक पट्ट्या अवश्य लावाव्या. त्यांस बॅटरी लागत नाहीं.

८. निगेचें वेळापत्रक

रोज : तेल, पाणी व डिझेल पाहणें; गाळणीच्या पेल्यांतील पाणी सोडणें; जाळी झाडणें; सर्व दिवे लावून पाहणें.
आठवड्यास : पट्ट्याचा ताण, हवागाळणी व बॅटरीच्या पाण्याची पातळी.
महिन्यास : बॅटरीचीं टोकें व अर्थचा जोड स्वच्छ करणें, विसांव्याचा व भरण्याचा व्होल्ट मापून लिहून ठेवणें.
पेरणीपूर्वीं पंधरा दिवस : स्टार्टर फिरतांना दोन्ही जाड तारांची परीक्षा, नळ्या व वॉशर पाहणें. तेल व गाळण्या बदलण्याचे तास ट्रॅक्टरच्या पुस्तकांत दिलेले असतात, त्याप्रमाणें बदलावें.

शेवटीं एक सूचना. मल्टिमीटर व हायड्रोमीटर हीं दोन साधनें कांहीं फार मोलाचीं नाहींत. प्रत्येकास घेणें न जमल्यास गांवच्या सभासदांनीं मिळून एक जोडी घ्यावी, आणि प्रत्येक ट्रॅक्टरकरितां एक वही ठेवून तींत महिन्याचे आंकडे लिहावे. 12.6 चे 12.4, व 12.4 चे 12.2 होत गेलेले त्या वहींत दिसले कीं दुखणें वाफशापूर्वींच कळेल. बैलाच्या डोळ्यांत पाहून आमच्या वडिलांस जें कळत असे, तेंच या वहींत पाहून आम्हांस कळूं लागेल.