जुन्या तबकड्यांतील आवाजाचें जतन

ग्रामोफोनची तबकडी ही आवाजाची वही होय. परंतु ही वही वाचतां वाचतां झिजते. सुई खोबणींतून फिरतांना खोबणीच्या भिंती घासल्या जातात आणि मूळ आवाजाचा कांहीं अंश कायमचा नाहींसा होतो. म्हणून तो आवाज एकदां काळजीपूर्वक संगणकावर उतरवून घ्यावा व पुढें ती नक्कलच ऐकावी, असें आम्हांस वाटतें.

याचें महत्त्व एका उदाहरणानें पटेल. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक 7 वा खंड 1905 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ठाकरी, कातकरी व वारली या बोलींचीहि नोंद आहे. हे समाज आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत आजहि राहतात. नमुन्यासाठीं लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त निवडला होता; कारण एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगितली म्हणजे त्यांतील भेद स्पष्ट होतो. पण कागदावर बोलण्याचा हेल उमटत नाहीं. पुढें 1913 ते 1929 या काळांत देशांतील अनेक भाषांचे आवाज तबकड्यांवर घेण्यांत आले, व तेथेंहि हाच दृष्टान्त पुष्कळांनीं सांगितला आहे. ते आवाज आतां संगणकीय रूपांत आल्यामुळें मुरबाडच्या विद्यार्थ्यासहि ऐकतां येतात. नाहीं तर ते दूरच्या कपाटांतच मुके राहिले असते.

आतां कृतीकडे वळूं. मिनिटास 78 फेरे घेणारी जुनी तबकडी मुख्यतः चपडा लाख व खनिज पूड यांची असते; ती पडतांच फुटते. 10 इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें 3 मिनिटें आवाज मावतो. व्हिनाइलची लाँगप्ले तबकडी 1948 सालीं अमेरिकेंत निघाली. ती मिनिटास 33⅓ फेरे घेते व तिची खोबण बारीक असते. म्हणून 78 फेऱ्यांच्या तबकडीस सुमारें तिप्पट जाड टोंकाची सुई लावावी लागते.

पावसाळ्यांतील दमट हवेनें तबकडीवर बुरशी येते. ती शुद्ध पाण्यानें व मऊ कापडानें अलगद पुसावी; मधली चिठ्ठी भिजूं देऊं नये. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावूं नये. लाख स्पिरिटांत विरघळते. सुताराचें पॉलिश याच गुणावर तयार होतें. तबकड्या उन्हापासून दूर व उभ्या ठेवाव्या.

सुईपासून येणारा विद्युत्-संदेश फार क्षीण असतो व त्यांत खर्जाचे स्वर दबलेले असतात. फोनो प्रीअँप्लिफायर हीं दोन्ही वैगुण्यें दूर करितो. नंतर संगणक त्या लहरीचें मोजमाप करून तिचे आंकडे बनवितो. सी. डी.च्या दर्जाचा आवाज घ्यावयाचा तर हें मोजमाप सेकंदास 44,100 वेळां होतें, आणि 3 मिनिटांच्या गाण्यास सुमारें 3 कोटी 18 लाख बाइट जागा लागते. यासाठीं ऑडॅसिटी ही आज्ञावली विनामूल्य मिळते. आवाजाची पातळी किंचित् कमीच ठेवावी. ती फार वाढल्यास लहरींचीं शिखरें छाटलीं जातात व तो दोष मागाहून नीट दुरुस्त होत नाहीं.

पहिली नक्कल 'वेव्ह' स्वरूपांत जशीच्या तशी राखावी. खरखर काढावयाची ती दुसऱ्या नकलेंतून. कारण खरखरीबरोबर गायकाचा श्वासहि पुसला जाण्याचें भय असतें. चिठ्ठीवरील नांवें व क्रमांक लिहून ठेवावे, दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि मूळ तबकडी टाकूं नये. उद्यां अधिक चांगलें साधन निघेल तेव्हां तिचीच गरज पडेल.

विद्यार्थिमित्रहो, गेलेला माणूस परत येत नाहीं. त्याचा जपलेला आवाज मात्र नातवंडांपर्यंत पोंचतो. घरच्या माळ्यावर एखादी तबकडी असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वीं ती खालीं काढा.