संभवाच्या पायऱ्या : ‘लाइकली’ या शब्दाचा अर्थ आणि उपयोग

इंग्रजीतील ‘लाइकली’ हा शब्द नित्य वापरातला असला, तरी मराठीत आणताना तो सहज निसटतो. ‘सारखे’ या अर्थाच्या ‘लाइक’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. जे घडेलसे भासते, ते ‘लाइकली’. आभाळ भरून आले की मराठी माणूसही ‘पाऊस येईलसे दिसते’ असे म्हणतो. त्यात अनुमान असते, ग्वाही नसते.

अनुमानाच्या पायऱ्या मराठीत क्रियापदावरूनही कळतात. ‘गाडी आली असेल’ हा नुसता तर्क होय. ‘गाडी आली असावी’ म्हणणाऱ्याजवळ काही आधार असतो, आणि ‘गाडी आलीच असणार’ यात खात्री डोकावते. अव्ययांमध्ये ‘कदाचित’ दुबळे, तर ‘बहुधा’ त्याहून बळकट. नेहमीच्या संभाषणात ‘लाइकली’साठी ‘बहुधा’ योजल्याने काही बिघडत नाही.

परंतु शास्त्रीय लेखनात हा शब्द मोजून मापून वापरलेला असू शकतो. बेंगळुरूचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर हा त्या शहरी सरासरीने सर्वांत अधिक पावसाचा महिना. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस लाइकली’ अशा अर्थाचे वाक्य हवामानाच्या अंदाजात आढळते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर. आणि ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के संभव. ‘व्हेरी लाइकली’चा संभव ५० ते ७५ टक्के, तर ‘मोस्ट लाइकली’चा ७५ टक्क्यांहून अधिक.

याचा अर्थ असा की, येथे ‘लाइकली’ पाऊस पडण्यापेक्षा न पडण्याचाच संभव अधिक! ‘बहुधा’ हा शब्द येथे अर्थाचा अनर्थ करील. उलट, हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या अहवालांत याच शब्दाने किमान ६६ टक्के संभव दर्शविला जातो. तेथे ‘बहुधा’ योग्य ठरतो. शब्द एकच, पण लेखनाचे स्थान बदलताच त्याचे वजन बदलते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. सप्टेंबर २०२२ च्या आरंभी बेंगळुरूच्या पूर्वेकडील सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि रहिवाशांना ट्रॅक्टर व नावांतून बाहेर काढावे लागले. अशा वस्तीतील माणसाला साध्या संभवाच्या दिवशी वारंवार ‘बहुधा’ असे सांगितले आणि आकाश कोरडेच राहिले, तर सूचनेवरचा त्याचा विश्वास उडेल. आणि पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक संभव असताना ‘कदाचित’ असे सांगितले, तर तो सामान हलविणार नाही.

म्हणून अनुवादकाने प्रथम मूळ लेखनाची परिभाषा पाहावी. हवामानाच्या अंदाजातील तीन पायऱ्यांसाठी ‘संभव’, ‘बराच संभव’ आणि ‘दाट संभव’ असे शब्द निश्चित करून ते शेवटपर्यंत पाळावेत. टक्केवारी दिलेली असल्यास तीही द्यावी. कोशातला प्रतिशब्द अर्थाची दिशा दाखवितो. त्याचे माप मात्र मूळ लेखनातूनच घ्यावे लागते.