हास्य, हाणामारी आणि अनुराग

नायक धडपडत, पडतझडत लढतो, लढता लढता हसवितो आणि अखेर प्रेयसीचे मन जिंकतो, अशा चित्रपटांची गणना पुष्कळदा पोरखेळात होते. पण पेडणे-डिचोलीच्या आम्हां रहिवाशांस हे मिश्रण मुळीच परके नाही. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक पाहिलेल्यास ते ओळखीचेच वाटेल.

दशावताराचे नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडे. लिहिलेली संहिता नसते. कथासूत्र ठरले की नट आयत्या वेळी संवाद रचतात. स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. आरंभी काळ्या वेषातील संकासुर येतो. वेद पळविणारा हा दैत्य वास्तविक भयंकर; परंतु तो गावच्या बोलीत असे काही बोलतो की समोर बसलेली पोरे भीत भीत हसतात. पुढे आख्यानात प्रेम जुळते, राक्षस आड येतो आणि युद्धास तोंड लागते. तलवारी फिरतात, गिरक्या घेतल्या जातात. पण प्रत्येक पाऊल पडते ते झांजेच्या आणि मृदंगाच्या ठेक्यावर.

आमच्या मते सारे मर्म या ठेक्यातच आहे. हसविणारी हाणामारी खऱ्या हाणामारीहून अवघड असते. घाव चुकला पाहिजे, पण अगदी केसाच्या अंतराने! अंतर वाढले तर भीती जाते. अंतरच उरले नाही तर हसू जाते. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात थप्पड खरोखरीच जोराने बसली आणि ललिता पवार यांचा डोळा कायमचा अधू झाला.

हाँगकाँगचा जॅकी चॅन बालपणी चिनी संगीतनाट्याच्या शाळेत, म्हणजे जणू तिकडच्या दशावतारातच, घडला. तालीम कडक होती, आणि 'ड्रंकन मास्टर' (१९७८) मध्ये तिचे फळ दिसते. मद्यप्यासारख्या झोकांड्या खाणे हाच तेथे लढण्याचा डाव आहे! आपल्या कित्येक चित्रपटांच्या शेवटी तो चुकलेल्या उड्या आणि झालेल्या दुखापतीही दाखवितो. हसण्यामागे किती श्रम आहेत, हे तेव्हा कळते. मात्र त्याच्या अनेक चित्रपटांत नायिका शोभेपुरतीच असते, आणि तेथे आम्हांस सर्कस पाहिल्यासारखे वाटते.

कारण नायक कोणासाठी मार खातो, हे ठाऊक असल्यावाचून त्याच्या पडण्याला किंमत येत नाही. 'सिटी लाइट्स' (१९३१) मधील चॅप्लिनचा भित्रा भटक्या मुष्टियुद्धात उतरतो तो आंधळ्या फुलवालीचे घरभाडे फेडण्याकरिता. तो पंचाच्या पाठीमागे लपतो तेव्हा हसून पोट दुखते. तो हरतो तेव्हा मात्र तेच हसू घशात अडकते, कारण तिचे भाडे अजून द्यावयाचेच असते.