थांबलेल्याकडे कोण बघतं?

व्यायामाच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी एक दिवस तिथे कोपऱ्यात बसून नुसतं बघा. 'काकू, करून तर बघा,' असा आग्रह झाला तरी उठू नका. शिकवणाऱ्याचं लवचिक अंग, भिंतभर आरसे, गाणी यांच्याकडे दुर्लक्ष करा. तासाभरात कुणी तरी मध्येच थांबेल, दम लागून किंवा गुडघा धरून. तेव्हा शिकवणारा काय करतो, तेवढं बघायचं. जवळ जाऊन चौकशी करतो, त्या माणसाला जमेल असं दुसरं काही देतो, की माइकवरून 'थांबायचं नाही, कम ऑन!' म्हणून ओरडतो? आणि नुसतं बघत बसायलाच जिथे परवानगी नाही, त्या वर्गाचा विचार सोडून द्या.

निवृत्तीनंतर नाशकात निरनिराळ्या वर्गांना जाऊन आल्यावर माझ्याकडे ही एकच कसोटी उरली आहे.

मी सरकारी कार्यालयात लेखा शाखेत होते, म्हणजे सगळी नोकरी खुर्चीत. बीपीची गोळी आधीपासून चालू होती, पुढे तपासणीत हाडांची घनताही कमी निघाली. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारायचे आणि तेवढ्यावर समाधानी होते. चालणं चांगलंच, पण त्यानं सगळं साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितले आहेत. मैदानावरच्या आमच्या गटात हे कुणालाच माहीत नव्हतं. कट्ट्यावरून उठताना हात टेकावा लागतो, जमिनीवर बसलं की उठताना कुणी तरी जवळ लागतं, ही कमतरता नुसत्या फेऱ्यांनी भरून निघत नाही. म्हणून वर्ग.

पहिला हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये मुंबईतल्या एका बागेत ही चळवळ सुरू केली आणि आता गावोगावच्या बागांत सकाळी हात वर करून हसणारी मंडळी दिसतात. खर्च नगण्य, सक्ती कसलीच नाही. पहिले काही दिवस मला भयंकर ओशाळल्यासारखं व्हायचं, नंतर हसण्यापेक्षा त्यानंतरच्या चहासाठीच जाऊ लागले. एकट्या राहणाऱ्या बायकांना या चहाचं मोल विचारा. मात्र याला पूर्ण व्यायाम समजू नका. आणि जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत उजाडायच्या आत बागेत पोचण्याची शर्यत लावू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. ऊन आल्यावर गेलं तर कुणी हजेरी मांडत नाही.

मग भाचीच्या नादानं झुंबा. मूळचा कोलंबियाचा हा प्रकार, बेटो पेरेझ नावाच्या नृत्यशिक्षकाचा. खोटं कशाला बोलू, मजा आली. पण बॅच सगळ्या वयांची, खाली गुळगुळीत फरशी, आणि ट्रेनर माझ्या भाचीच्याच वयाचा. झुंब्यात पाय जमिनीवर रोवून अंग फिरवलं जातं. त्या पिळाचा भार थेट गुडघ्यावर येतो, फरशीवर मोजे घालून नाचलं तर घसरण्याची भीती वेगळीच. ट्रेनर मनगटावरचं घड्याळ बघून सगळ्यांना ठोके वाढवायला सांगायचा. 220 मधून वय वजा करायचं आणि त्याच्या अमुक टक्क्यांवर न्यायचं, हा त्याचा हिशेब. बीपीच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके मुळातच कमी ठेवतात. त्या घेणाऱ्यानं हा आकडा गाठायचा म्हटलं तर तो नको इतका दमेल. त्यापेक्षा साधी खूण आहे. व्यायाम करताना दोन वाक्यं बोलता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, तोवर दम मध्यम समजावा. बोलणंही तुटायला लागलं तर वेग कमी करायचा.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही बायका एकमेकींनाही सांगत नाही. उड्या मारताना लघवीचे थेंब जातात. वर्ग सुटल्यावर स्वच्छतागृहात एकीनं धीर करून विषय काढला आणि कळलं, निम्म्या जणींची हीच रड. बाळंतपणं आणि पाळी जाणं यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. त्यांना बळकट करणारे व्यायाम आहेत, फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि त्यांचा उपयोग होतो. तोवर उड्यांच्या जागी जागच्या जागी चालावं. ज्येष्ठांसाठी उड्या कमी केलेला 'झुंबा गोल्ड' नावाचा प्रकारही आहे. तो शिकवणारा जवळपास कुणी असेल तर जरूर जा, नाच वाईट नाही.

सगळ्यात जास्त विश्वासानं गेले ते योगवर्गाला, आणि दुखणं घेऊन आले तेही तिथूनच. वर्गाचं नाव सांगत नाही. हॉल भरलेला, चटयांना चटया लागलेल्या, प्रवेशाच्या अर्जावर फक्त नाव, पत्ता आणि फोन नंबर. कुठली औषधं घेता, कुठलं ऑपरेशन झालंय, हाडं कशी आहेत, यातलं काही नाही. मी आपणहून हाडांचं सांगितलं तर सर म्हणाले, "योगानं सगळं बरं होतं, ताई." पश्चिमोत्तानासनात माझं डोकं गुडघ्यापर्यंत पोचत नव्हतं. सर मागून आले आणि दोन्ही हातांनी पाठ दाबली. कळ आली म्हणून ओरडले, तर म्हणाले, "शरीर मोकळं होतंय." दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना.

एक्स-रे काढला. मणका खचला नव्हता, स्नायू दुखावला होता. पण डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक योगवर्गाच्या दारावर लावायला हवं. हाडं विरळ झालेल्या माणसानं पाठीची कमान करून, जोर लावून पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि मणका दबून मोडू शकतो, कधी पडल्याझडल्याशिवायही. पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकणं वेगळं, आणि कुणी तरी वरून रेटणं वेगळं. शीर्षासनानं डोळ्यातला दाब वाढतो, तेव्हा काचबिंदू असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. जोरकस कपालभाती उच्च बीपी आणि हर्निया असलेल्यांसाठी नाही. यातलं एकही वाक्य त्या हॉलमध्ये कधी उच्चारलं गेलं नाही. उलट रथसप्तमी जवळ आली तशी 108 सूर्यनमस्कारांची तयारी सुरू झाली आणि ज्यांचे पूर्ण होणार नाहीत त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघणं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोचवलेला सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सत्तरीच्या मनगटांवर आणि गुडघ्यांवर आकड्याची चुरस लादण्याबद्दल आहे. फी वर्षाची आगाऊ घेतलेली होती. परत मागितली तेव्हा पावतीमागची बारीक अक्षरं दाखवण्यात आली.

म्हणून योग सोडावा असं मात्र मी म्हणणार नाही. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्ची, पट्टे, लोड, लाकडी ठोकळे यांच्या आधारानं आसनं करण्याची पद्धत रुजवली, तिच्यामागची समजूतच अशी की आसन माणसाच्या मापानं बदलायचं. तसं शिकलेला शिक्षक मिळाला तर भाग्य समजा. आणि कुठल्याही वर्गात पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत सांगून ठेवा, "मला हात लावून आसन दुरुस्त करू नका, तोंडी सांगा." भिडेखातर गप्प राहण्याचं आपलं वय नाही.

सध्या मी जिथे जाते तो वर्ग बघायला अगदी नीरस आहे. एक फिजिओथेरपिस्ट बाई घेतात, आम्ही मोजकीच माणसं, प्रत्येकापुढे बिनहाताची भक्कम खुर्ची. हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं. भिंतीवर हात ठेवून दंड काढायचे. रबरी पट्टा ओढायचा, छोटे डंबेल्स उचलायचे. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, मग एकच बोट टेकून, मग जमलं तर बोटही सोडून. वजन उचलताना तोंडानं श्वास सोडायला लावतात, कारण श्वास कोंडून जोर केला की बीपी एकदम उसळतं. झोपून करायचे प्रकार झाले की आधी कुशीवर, मग बसतं आणि थोड्या वेळानं उभं, हा त्यांचा नियम. बीपीच्या गोळ्या घेणारी माणसं झटकन उठली की चक्कर येऊन पडतात. मधुमेहींना काही न खाता येऊ देत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी आहे का, हेही विचारतात. गाणी नाहीत, आरसे नाहीत, यजमान म्हणतात यापेक्षा ऑफिस बरं होतं. पण जमिनीवरून उठताना आता मला कुणाचा हात लागत नाही.

तुम्ही जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून काय करू नये याची यादी कागदावर लिहून घ्या आणि शिकवणाऱ्याच्या हातात द्या. तो कागद न वाचता खिशात घातला, तर फी तुमच्याच खिशात राहू द्या. वर्षाच्या सवलतीला भुलू नका, पहिले महिने महिन्याचीच फी भरा. व्यायामानंतर स्नायू एखाददोन दिवस आंबतात, ते चालेल. सांध्यात टोचणारी कळ किंवा सूज आली तर तो प्रकार बंद. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हातात उतरणारी कळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काही झालं तर तास संपण्याची वाट न बघता बसा, मोठ्यानं सांगा आणि थेट दवाखाना गाठा.

शेवटी ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकारिणीला विनंती. आपली सभागृहं सकाळी बहुतेक रिकामी असतात, खुर्च्या तर भरपूर आहेत. सहलीच्या आणि वाढदिवसांच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून आठवड्यातून दोनदा एखादा फिजिओथेरपिस्ट बोलवा, आणि एका वेळी वीसच्या वर माणसं घेऊ नका.