जिजीच्या ओव्या आणि हिस

चि. मुक्ता हिस,


काल तुझ्या आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, पोरीनं रेकॉर्ड केलेल्या जिजीच्या जात्यावरच्या ओव्या कॉम्प्युटरवर साफ केल्या आणि जुन्या फायली काढूनही टाकल्या. तेव्हापासून मला चैन नाही. खरंच टाकल्यास का गं?

तू पाठवलेली ओवी ऐकली. मागची सूं-सूं, ती हिस, गेली खरी, पण जिजीचा 'स' बोथट झालाय आणि मागचे रातकिडे पाण्याखालून ओरडल्यासारखे वाटतात. एकसुरी चालणारा आवाज म्हणजे नॉइज, एवढंच त्या सॉफ्टवेअरला कळतं. रातकिडेही एकसुरीच की! शिवाय हिस वरच्या पट्टीत जास्त टोचते, चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे, आणि 'स', 'श'ची धारही तिथंच असते. म्हणून पाच-सहा डेसिबल कमी करून थांबायचं. हिस थोडी राहिली तर राहू दे. सॉफ्टवेअरला नॉइजचा नमुना द्यायचा तर रेकॉर्डर त्याच गेनवर गोधड्यांच्या कपाटात अर्धा मिनिट चालव. त्यात नुसती यंत्राची हिस येईल, रातकिडे नाही. पण हे सगळं कॉपीवर. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं?

आणि तू बसतेस तरी किती लांब! लांबून गेन वाढवलास की जिजीबरोबर प्रीअँपची हिसही वर येते. अंतर निम्मं केलंस तर तिचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो, हिस तेवढीच राहते. माइक तोंडासमोर नको, जरा बाजूला, जात्याकडे पाठ करून. चोवीस बिट ठेव, पातळी उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. संकोच वाटत असेल तर आधी चार मुठी दळू लाग तिला.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या. त्या सगळ्यांचा आवाज मात्र टेपवर नाही. तुझी आजी तर जिजीहून गोड गायची. तुझ्या वयात मला पाखरांचं वेड. मुळशीच्या रानात शीळकरी कस्तुराची शीळ मिळवायला पहाटे पळायचो, तेव्हा घरात तिचं जातं चालू असायचं. आज तिच्या एका ओवीसाठी कितीही हिस चालली असती मला.

जास्त बोललो. तुझ्यावर रागावलो नाही. जिजीपाशी जाऊन बसावं असं घरात तुलाच सुचलं, याचं मला फार कौतुक आहे. फायली गेल्या असतील तर आधी ते कार्ड रेकॉर्डरमधून काढून ठेव, त्यावर नवं काही भरू नकोस. पुष्कळदा परत मिळतात. नाहीच मिळाल्या तर दोघं मिळून जिजीकडे जाऊ. गाडीभाडं माझं. माझा जुना हेडफोनही तुलाच देतो, मला आता वरचे सूर ऐकू येत नाहीत.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा