प्रवासातील गमती आणि माहिती



प्रवास म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणे. परंतु नुसते पोहोचणे म्हणजे प्रवास नव्हे. वाटेत काय होईल हे आधी कुणालाच ठाऊक नसते. खरी मजा त्यातच असते. जो गाडीत बसल्याबरोबर झोपतो तोही गावाला पोहोचतो, पण त्याला काहीच दिसत नाही. म्हणून प्रवासात काय काय पाहावे ते मी या लेखात सांगते.

१. आपली एस.टी.
आपल्या राज्यातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. मी आणि माझा भाऊ एस.टी.च्या नंबरावरून एक खेळ खेळतो. महामंडळाच्या स्वतःच्या कारखान्यांत बांधलेल्या गाड्यांवर एम.एच. १४ असेल तर ती बहुधा पुण्याच्या दापोडीची, २० असेल तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याची आणि ४० असेल तर नागपूरकडची. जो आधी ओळखेल त्याला एक चिंच. आमच्या रस्त्याला ४० नंबर दिसला की आम्ही टाळ्या वाजवतो, कारण लई लांबची पाहुणी आली!

२. रस्त्याकडेचे दगड
किलोमीटरच्या दगडाचे डोके पाहावे. पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग आणि नारिंगी असेल तर खेड्याकडे जाणारा रस्ता. माझे आजोबा अजून त्याला मैलाचा दगडच म्हणतात. दोन दगडांच्या मध्ये किती वळणे येतात ती मोजावी. मोजताना वेळ कसा जातो ते कळत नाही.

३. पाण्याचा प्रवास
माणसेच प्रवास करतात असे नाही. पाणीसुद्धा करते. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. ते पाणी पुढे बंगालच्या उपसागराला जाते. पण कोयना धरणातले काही पाणी डोंगरातल्या बोगद्यातून खाली पोफळीला नेले आहे. तिथे त्यावर वीज तयार होते. मग ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे नदी एक आणि समुद्र दोन! ही गोष्ट मला फार आवडते.

४. अचानक थांबलेली गाडी
दिवाळीच्या सुट्टीत मी आज्जीबरोबर पाटणहून चिपळूणला मामाकडे चालले होते. कुंभार्ली घाटात आमची गाडी थांबली. पुढे सगळा रस्ता मेंढ्यांनी भरला होता. सगळीकडे काळ्या पाठी दिसत होत्या. मागून घोडी होती, आणि घोड्यांवर सगळे बिऱ्हाड होते. एका घोडीवर तर कोंबडीसुद्धा बसली होती. ती आमच्याकडे बघत ऐटीत गेली. सगळी गाडी हसली.

काही माणसे घड्याळ बघून कुरकुरली. आज्जी म्हणाली, "थांबली तर थांबू द्या. मामा काय पळून जातोय व्हय?" मग एका काकूंनी डबा उघडला आणि सगळ्यांना चकली दिली.

आज्जीने मला सांगितले की फलटण, माण, खटावकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. तिकडे भात कापून झालेले असते, शेते मोकळी असतात. मेंढ्या शेतात बसवल्या की शेताला लेंडीखत मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. कोकणातला मोठा पाऊस मेंढ्यांना सोसत नाही, म्हणून पावसाच्या आधी ते परत घाटावर येतात.

त्यांच्यात माझ्याएवढी एक मुलगी होती. तिच्या काखेत कोकरू होते. मी खिडकीतून विचारले, "तू कितवीला?" ती म्हणाली, "मी बी चौथीत हाय. पर पुस्तकं गावाकडंच ऱ्हायली." माझ्या पिशवीत मराठीचे पुस्तक होते. मी आज्जीकडे बघितले. आज्जी म्हणाली, "दे की." मी पुस्तक दिले. तिने ते पदरात गुंडाळल्यासारखे ओढणीत गुंडाळले. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि गाडी सुटली. तिचे नाव विचारायचे राहून गेले.

सुट्टीनंतर मी हे गुरुजींना सांगितले. त्यांनी मला कपाटातले जुने पुस्तक दिले. ते म्हणाले, आईवडिलांबरोबर बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळते. ते दाखवले की जिथे मुक्काम असेल तिथल्या शाळेत बसता येते. पालकांनो, तुमच्या ओळखीत ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा मेंढरांमागे जाणारे कुणी असेल तर त्यांना हे जरूर सांगावे.

लक्षात ठेवा
खिडकीतून हात व डोके बाहेर काढू नये. गाडी थांबली तर कुरकुर करू नये, कारण शोधावे. खाऊ वाटून खावा. नवीन माणसाशी आईवडिलांना विचारून बोलावे.

सांगा पाहू!
१. आपल्या फाट्यावरील दगडाचे डोके कोणत्या रंगाचे आहे?
२. कोयनेचे पाणी कोणत्या दोन समुद्रांना मिळते?
३. तुमची गाडी वाटेत थांबली तेव्हा तुम्ही काय पाहिले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या पानावर लिहून गुरुजींकडे द्यावे. चांगली उत्तरे पुढच्या भित्तिपत्रकात लावू.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी