उपकरणांची समान भाषा

प्रकाशीय चिपमध्ये सिलिकॉनवर कोरलेल्या, केसाहूनही बारीक मार्गांतून प्रकाश वाहतो. तिच्या तपासणीत लेझरची तरंगलांबी टप्प्याटप्प्याने बदलून प्रत्येक वेळी बाहेर पडणारी प्रकाशशक्ती मोजतात. १५०० ते १६०० नॅनोमीटरपर्यंत ०.१ नॅनोमीटरच्या अंतराने मोजल्यास एकाच मार्गाच्या १००१ नोंदी होतात. हाताने हे करताना माणूस थकतो आणि आकडे चुकतात.

म्हणून हे काम पायथन या संगणकभाषेतील आज्ञावलीवर सोपवतात. ती लेझरला तरंगलांबी सांगते, तो स्थिर होईपर्यंत थांबते, शक्तिमापकाला आकडा विचारते आणि तो नोंदवून पुढे जाते.

हे सुकर झाले ते समान मानकांमुळे. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांची भाषा निरनिराळी असे. १९७५ च्या आयईईई ४८८ मानकाने त्यांची जोडणी समान केली. १९९० च्या एससीपीआय मानकाने आज्ञांना समान रूप दिले.

मात्र प्रकाशतंतू किंचित सरकला, तर यंत्र चुकीचा आकडाही हजार वेळा निमूटपणे नोंदवते. म्हणून ज्ञात नमुन्यावर आधी पडताळणी करावी लागते. आज्ञावली जपून ठेवल्यास तीच चाचणी दुसऱ्यालाही करून पाहता येते. धम्माचा 'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', हा गुण प्रयोगशाळेलाही लागू पडतो.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन विनामूल्य आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरही नाकारले गेले, त्या आपल्या लेकरांसाठी हे दार उघडे आहे. वसतिगृहात त्यांना रोज तासभर संगणक मिळावा, एवढी व्यवस्था माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य करावी.